ओळंब्यात नसलेली दारं

४ नोव्हेंबर

दादा,

दोन वर्षांनी घरून पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं समजून पाकीट फोडलं असशील तर आधी बस आणि पाणी पी. कोणी गेलेलं नाही. आई धडधाकट आहे, मी माझ्या हिशेबाने धडधाकट आहे आणि खालच्या मजल्यावरचे वकील अजूनही खोकून अख्खी इमारत जागी करतात.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हा उपद्व्याप. मी बोलते, माझा फोन ते लिहून घेतो, आई छापते आणि पाकिटात घालते. वाचायचं नाही अशी तिला सक्त ताकीद आहे, शिवाय घडी घालताना मी तिला चष्मा काढायला लावते. अर्थात लपवण्यासारखं काही नाहीच म्हणा.

आता ऐक आणि जळ. जानेवारीत माझं प्रदर्शन आहे. एकटीचं. कुठल्या ‘विशेष’ विभागात कोपरा नाही, की व्हीलचेअर ढकलणाऱ्याचे फोटो काढून झाल्यावर उरलेल्या वेळात चित्रं बघणारे पाहुणे नाहीत. मोठ्या गॅलरीचे दोन्ही हॉल आणि भिंतीभर फक्त माझी दारं. बारा दारं, त्यातली अकरा आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावरची. शिंप्याचं काचेचं, दवाखान्याचं हिरवं, गोदामाचं गंजकं, आणि शेवटचं आपलं स्वतःचं. अकरा झाली आहेत. उन्हाळ्यात मुलांच्या इस्पितळातली बसायच्या खोलीची भिंत करायची आहे. मी इथे घरी फळ्या रंगवायच्या आणि त्यांनी तिथे ठोकायच्या असं ठरलंय. आणि वर्षाच्या शेवटी परदेशात, तोंडाने आणि पायाने रंगवणाऱ्या लोकांबरोबर, स्टेजवर सगळ्यांसमोर चित्र काढायचं. गॅलरीवाल्या बाईंनी या सगळ्याचं कार्डसुद्धा छापलं. सोबत पाठवते आहे. माझा फोटो बरा आलाय. ब्रश दातांत धरलेला असला की मी शहाणी दिसते, असं आई म्हणते.

काम एकच. ईझलचं हँडल परत पाठव. चित्र टेकवायचं ते ईझल तू बनवलंस, मान्य. पण हँडल खिशात घालून ‘आता काढ चित्र’ म्हणायचा हक्क तुला कोणी दिला होता? म्हणून मी चावले. चावले ते चावले, माझ्याकडे दुसरं हत्यार कुठलं? आई सध्या पकडीने स्क्रू फिरवून फळी वरखाली करते आणि दर वेळी तिची बोटं सोलतात. निदान तिच्यासाठी पाठव.

बाकी किरकोळ. डोक्यामागची उशी नवी घ्यायला झाली आहे, सारखी सरकते. डाव्या कानाखाली दुखतं ते थंडीने. आणि चौकटवाले काका आता म्हातारे झालेत हे मात्र खरं. दारांना चौकटी बसवून आणल्या, तर शेवटच्या चार-पाच चित्रांत दार एकीकडे आणि चौकट एकीकडे. वरच्या टोकाला चांगला बोटभर फरक. मी म्हटलं, काका, तुमची करवत चळली. ते म्हणाले, ‘पोरी, चौकट काटकोनात आहे, मोजून घे.’ हट्टीपणात तुझे सख्खे काका शोभतात.

हँडल पाठव. पत्र पाठवलं नाहीस तरी चालेल.

तुझी भांडकुदळ


१७ नोव्हेंबर

दादा,

हँडल आलं नाही. ठीक आहे. तुझा राग नाकावर असतो आणि नाक आपल्या घराण्याचं आहे, म्हणजे जागा भरपूर.

हे पत्र लांबणार नाही. आई स्वयंपाकघरात आहे आणि कुजबुजलेलं या फोनला कळत नाही, मोठ्याने बोलावं लागतं.

काका आले होते. मी निरोप धाडला होता की चौकटी बदलून द्या, नाहीतर दुसरा माणूस बघते. भांडायच्या तयारीने येतील असं वाटलं होतं. पण ते थेट कामालाच लागले. सगळी चित्रं भिंतीला ओळीने लावली, कुठलं आधी झालं आणि कुठलं नंतर हे मला विचारून विचारून. मग तुमच्या सुतारांचा तो ओळंबा काढला, दोरीला पितळी वजन लावलेला, आणि एकेका दारासमोर धरत गेले. शिंप्याचं दार दोरीला चिकटून. दवाखान्याचं चिकटून. पुढे दोरी एकीकडे आणि दार उजवीकडे. थोडं, मग आणखी थोडं. अकराव्यात तर गोदामाचं दार दारू प्यायल्यासारखं.

मी म्हटलं, ‘मग काय झालं? रस्ताच उताराचा आहे.’

ते म्हणाले, ‘हो, तेही असेल.’ आणि चहा न घेता गेले. जाताना ओळंबा खिळ्यालाच राहिला.

दादा, ती दोरी समोर लटकते आहे. सकाळपासून मी तिच्याकडे बघते आहे. आईला हाक मारून विचारलं, ‘ही दोरी वाकडी का लटकते गं?’

आईने दोरीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘सरळ आहे.’

आई येते आहे. थांबते.


२९ नोव्हेंबर

दादा,

आई बाजारात गेली आहे. मी तिला मुद्दाम लांबच्या दुकानातलं काहीतरी आणायला सांगितलं. आता घरात कोणी नाही, तेव्हा बोलून घेते.

माझी मान चालली आहे.

बोलले बघ. फोनने निमूटपणे लिहूनही घेतलं. एवढं सोपं वाक्य आणि दोन आठवडे मला ते आईसमोर असं सरळ म्हणता आलं नाही. आणि गंमत ऐक, आईला कधीचंच माहीत होतं. उन्हाळ्यापासून माझं डोकं उजव्या खांद्याकडे झुकतंय. ती उशी रोज नीट बसवत होती आणि उशी रोज सरकत होती, कारण सरकत होतं ते माझं डोकं. ती घास भरवताना चमचा तिरका धरायला लागली आणि मला पत्ताही नाही. मी विचारलं, ‘सांगितलं का नाहीस?’ तर म्हणाली, ‘मला वाटलं तुला माहीत आहे आणि तुला बोलायचं नाही.’ सहा महिने आम्ही दोघी एकमेकींना सांभाळत बसलो होतो.

मला कसं कळलं नाही, असं तू विचारशील. मी चित्रापासून वीतभर अंतरावर असते रे. तिथून चित्र दिसत नाही, ब्रशच्या टोकाची रेघ तेवढी दिसते. उभी रेघ म्हणजे माझ्यासाठी मान वरून खाली नेणं. मी मान वरून खालीच नेत होते! मानच तिरकी होती त्याला मी काय करू? मागे सरून बघितलं तरी त्याच तिरक्या डोक्याने बघितलं. आणि आरशात मी कधी बघते का, तूच सांग.

डॉक्टरांकडे जाऊन आले. तेच जुने, फक्त केस गेलेत. म्हणाले, डाव्या बाजूचे स्नायू दमलेत, म्हणून डोकं उजवीकडे पडतंय. पट्टा घालायला सांगितला. पट्टा घातला की मान राहते, पण हलत नाही. हलली नाही की ब्रश हलत नाही. मी विचारलं, चित्र बंद केलं तर थांबेल का? ‘सांगता येत नाही.’ चालू ठेवलं तर? ‘तेही सांगता येत नाही. पण घाबरू नका, एकदम काही होणार नाही. हळूहळू होईल.’

दादा, मला हळूहळूची भीती वाटते. हात असेच गेले होते. आधी वेणी घालता येईना, मग पेन सुटायला लागलं, मग कप. दर वेळी आपण म्हणायचो, चला, इथे थांबलं. तू शाळेत माझं दप्तर उचलायचास आणि सांगायचास की दप्तरच जड आहे. मग एक दिवस तू ब्रशच्या दांड्याला सुती पट्टी गुंडाळून माझ्या दातांत दिलास आणि म्हणालास, ‘चावायला येतं ना? मग रंगवायलाही येईल.’ मानेपाशी येऊन थांबलं असं धरून मी इतकी वर्षं जगले. मानेच्या वर काय आहे? तिथे काही शिल्लक नाही.

लोक म्हणतात हातपाय गाळू नकोस. गाळायला आता मान तेवढी उरली आहे, ती गळतेच आहे.

तू दोन वर्षांपूर्वी हँडल नेताना म्हणाला होतास, चित्रं कमी कर, मान जाईल. तू खूश होऊ नकोस. तुझंही बरोबर होतं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. कोणाचंच बरोबर नाही असं ते म्हणाले. ते ऐकून तर माझं धाबं आणखीनच दणाणलं. कोणाची चूक असती तर निदान भांडले असते.

बारावं दार अर्धं आहे. आपलं. चौकट आणि कडीपर्यंत आले होते. आता ब्रश तोंडात घेतला की दात वाजतात, दांड्यावर टकटक आवाज होतो. आई विचारते, थंडी वाजते का? मी हो म्हणते.

जिन्यात आईची पावलं. तिने लांबच्या दुकानात न जाता जवळूनच आणलंय, मला माहीत होतं.


१० डिसेंबर

दादा,

तुझं काहीच नाही. पत्र पोचलं का तेही कळत नाही. पोचलं नसेल तर बरंच, असंही एकदा वाटून गेलं.

काल गॅलरीवाल्या बाई आल्या. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, ‘रंग वाळायचे आहेत’ म्हणून चार वेळा टाळलं होतं. शेवटी त्या थेट दारातच उभ्या. बारीकशा आहेत, पण बोलायला लागल्या की खोली भरते. दारं ओळीने लावलेलीच होती. त्या एका टोकाकडून निघाल्या आणि अकराव्यापाशी थांबल्या.

‘अगं, हे काय केलंस तू!’ म्हणाल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ‘ही शेवटची दारं आता उघडतील असं वाटतं. पहिली बंद आहेत आणि पुढे पुढे... कोणी हात न लावता उघडतील. कसं सुचलं तुला?’

मला तुझं बोलणं आठवलं. दार ओळंब्यात नसलं की कडी काढल्याबरोबर आपलं आपण फिरतं, असं तू बिजागऱ्या ठोकताना सांगायचास. त्या बाईंना ते दिसलं. त्यांना ते माझं डोकं वाटलं. म्हणजे डोकंच होतं, पण वेगळ्या अर्थाने. मी हसले. मग मला रडू आलं, आणि नाक पुसायला आईला हाक मारावी लागली. बाईंसमोर.

सगळं सांगून टाकलं. त्या खाली जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, ‘जानेवारीचं मी बघते, चित्रं तयार आहेत. पण इस्पितळ आणि परदेश? त्यांना शब्द दिलाय. तू म्हणशील तसं करू. वीस तारखेपर्यंत सांग.’

दादा, मी नाही म्हणणार आहे. ठरवलंय. इस्पितळातल्या मुलांच्या भिंतीवर मी काय काढू, पडणारी घरं? आणि स्टेजवर चारशे लोकांसमोर ब्रश तोंडातून पडला तर? तो उचलायला पुन्हा कोणीतरी धावणार, आणि लोक टाळ्या वाजवणार. ते टाळ्याच वाजवतात रे. पडलं तरी वाजवतात. त्या टाळ्यांची मला लहानपणापासून भीती आहे.

बारावं दार तसंच राहू दे. अकरा पुरेत. हँडलही ठेव तुझ्याकडेच. आता लागणार नाही.


१९ डिसेंबर

दादा,

खोकं आलं.

आईने पत्ता वाचला आणि कात्री शोधायला इतका वेळ लावला की मी ओरडले, दाताने उघडते! वर वर्तमानपत्राचे बोळे होते. चिठ्ठी असेल म्हणून आईने एकेक बोळा उलगडून बघितला. चिठ्ठी नाही. दोन वर्षांत दोन ओळी लिहायला तुझे हात झडले होते का? माझे झडले तरी मी चार पत्रं पाठवली.

मग हँडल निघालं. तेल पाजलेलं. आईने ते हातात घेतलं आणि पदराने पुसत राहिली, स्वच्छ असलेलंच.

आणि खाली त्या पाचरी. लाकडाच्या, लोण्यासारख्या गुळगुळीत केलेल्या. मला पहिल्यांदा कळलंच नाही. आई म्हणाली, दाराखाली लावायच्या असतील. मग तिने एक उलटी केली तर मागे तुझ्या पेन्सिलीने बाण काढलेला आणि लिहिलेलं, ‘डावा पाय’. माझा डावा पाय बघून आई गोंधळली. मी म्हटलं, माझा नव्हे गं, ईझलचा!

ईझलच्या पायाखालच्या खाचेत पाचर बरोबर बसली. केसाचाही फरक नाही. ईझल तुझ्यासमोर नसताना, दोन वर्षांनी, माप तुला पाठ होतं. आणि तिरकेपणाचं माप मीच तुला दिलं होतं, काकांची तक्रार करताना. बोटभर. मी त्यांची करवत चळली म्हणून हसत होते आणि तिकडे तुला पहिल्याच पत्रात सगळं समजलं होतं. म्हणून पत्र आलं नाही. तू रंधा घेऊन बसला होतास.

फळी उजवीकडे कलली. बघणाऱ्याला ईझल पडतंय असं वाटेल. आईने ब्रश दिला. दात वाजत होते, तरी धरला. मी मान वरून खाली नेली. मग आईने पाचर काढली, फळी सरळ केली आणि काकांची दोरी आणून चित्रासमोर धरली. दोरी थांबेना. थांबली तेव्हा रेघ दोरीच्या मागे लपली होती.

आई दोरी गुंडाळत म्हणाली, ‘गाढव आहे तुझा भाऊ. फोन उचलायला काय होतं त्याला?’

मी गॅलरीवाल्या बाईंना कळवलं. इस्पितळाला हो. परदेशाला अजून काही बोलले नाही, विचार करते म्हटलं.


७ जानेवारी

दादा,

उद्या उद्‌घाटन. बारावं दार पुसून नव्याने काढलं, तेही वाळलं. सरळ आहे. तिरक्या होत गेलेल्या दारांच्या शेवटी ते एकदम सरळ दार विचित्र दिसतं, पण मी अकरातलं एकही पुन्हा रंगवणार नाही म्हटलं. बाई म्हणाल्या, रंगवलंस तर मीच प्रदर्शन रद्द करीन.

आता खरं ते सांगते. तू पाचरी पाच पाठवल्यास. पहिलीच लावली आहे. मागे आकडे आहेत तुझ्या हातचे, एक ते पाच, आणि प्रत्येक आधीपेक्षा जाड. बाकीच्या चार आईने कपाटात ठेवल्या होत्या. मी त्या बाहेर काढून ओळीने मांडायला लावल्या. दुसरी बघवते. तिसरी बघवते. पाचवी आईच्या मुठीएवढी आहे दादा. ती लावायची वेळ येईल तेव्हा माझा कान खांद्याला टेकलेला असेल. तू ती कापलीस, घासलीस, कडा मऊ केल्यास. किती दिवस लागले तुला तिला? पहिलीवर पेन्सिलीची रेघ एकदाच आहे. पाचवीवर खोडून खोडून काढली आहे.

काल मी आईला ती पाचवी खाचेत बसवायला सांगितली. फक्त बघायला. फळी इतकी कलली की ब्रशचं भांडं घरंगळलं आणि आईने किंचाळून ते झेललं. मी डोळे मिटून घेतले. आणि मिटल्या डोळ्यांनी मान तशी झुकवून बघितली. जेवढी जाईल तेवढी. मग उघडले. फळी मला सरळ दिसली. दारासारखी सरळ. मला भयंकर भीती वाटली आणि तरी मला ते दिसलं. दोन्ही एकदम.

परदेशाला हो म्हटलंय. तेव्हा कितवी लागली असेल कोण जाणे. ईझल मात्र इथूनच न्यायचं, अशी अट घातली.

आणि एक विचारायचं होतं. सहावी का केली नाहीस? पाचवीपुढे गरज पडणार नाही असं तुला वाटतं, की तुझ्याने पुढे रंधा चालवला नाही? मला खरं उत्तर दे, मी आता चावणार नाही.

लागली तर सहावी तिकडे बसून करायची नाही. इथे करायची, माझ्या खोलीत, माझ्या मानेकडे बघत. भुसा पडला तर पडू दे, आई ओरडेल तर ओरडू दे. मी रंगवताना शेजारी तुझ्या रंध्याचा आवाज असायचा, तेव्हा मला कशाचीच भीती वाटायची नाही. दोन वर्षं या खोलीत तो आवाज नाही.

आपल्या दाराची वरची बिजागरी तू गेल्यापासून ढिली आहे. काकांना मी हात लावू दिला नाही. कडी काढली की ते आपलं आपण उघडतं. उद्या सकाळी आम्ही गॅलरीला निघायच्या आधी आई कडी काढून ठेवणार आहे, तू येईपर्यंत ती लावायची नाही.

तुझी भांडकुदळ